सुलेखा टिपणीस आणि तिसरा नको

सुलेखा टिपणीसकडून जेवायचं बोलावणं आलं की सिंगापूरच्या चोआ चू कांगमधली मराठी माणसं सकाळचा नाश्ता टाळायची. उगाच नाही! या बाईच्या घरी पाहुण्यानं पहिल्यांदा म्हटलेलं नको म्हणजे सौजन्य, दुसऱ्यांदा म्हटलेलं म्हणजे संकोच, आणि तिसऱ्यांदा म्हटलेलं तेवढं खरं. तोवर पानात जे पडायचं ते पडून गेलेलं असायचं. पुण्याहून नवीन आलेल्या एका बिचाऱ्या इंजिनियरनं एकदा ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर बाईंनी त्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा वाढला. तो पोरगा पुढच्या रविवारी पुन्हा आला, हेही सांगायला हवं.

सुलेखा मूळची ठाण्याची, सीकेपी, आणि मटणाला हात असा की खालच्या मजल्यावरची चिनी आजी वास आला की लिफ्टनं वर यायची. नवरा पद्माकर बँकेत. त्याच्या बदलीबरोबर ती इथे आली, एका जहाज कंपनीच्या अकाउंट्समध्ये चिकटली, पीआर म्हणजे इथली कायमची रहिवासी झाली, फ्लॅट घेतला. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर ती त्याला सरळ मराठीत झापायची. भाषा कुणाच्या बापाला कळत होती? पण माणूस मुकाट्यानं मागे जायचा. आपलं कुठे अडेल असं तिला कधी वाटलंच नाही. अडलं ते एकदाच, दोन हजार सोळा साली, आणि अडवलं ते मंगोलियातल्या एका मामानं.

त्याचं असं झालं. तिचा एकुलता एक मुलगा अनीश पुलाउ उबीनच्या बेटावर सायकल चालवायला गेला आणि तोंडावर आपटला. मागून येणारी एक मुलगी थांबली. तिनं त्याचा गुडघा हातात घेतला, दाबून पाहिला, "हलू नकोस" म्हणून दटावलं आणि रुमालानं करकचून बांधून टाकला. ही ओयुन, मंगोलियाची. बुकित तिमाहच्या एका घोड्यांच्या तबेल्यात ती जनावरांच्या डॉक्टरची मदतनीस होती. घोड्याचा पाय आणि अनीशचा पाय यांत तिनं काही फरक केला नाही आणि आमचे चिरंजीव तिथेच गारद झाले.

घरी कळलं तेव्हा सुलेखा जरा फुरंगटली, खोटं कशाला बोला. पण मुलगी पहिल्यांदा जेवायला आली आणि तिनं नळीचं हाड असं साफ केलं, असं साफ केलं, की ताटात ठेवल्यावर ते धुतल्यासारखं दिसत होतं. "आमच्याकडे हाडावर मांस सोडलं तर मामा रागावतो," ओयुन म्हणाली. "आंटी, जनावरानं जीव दिलाय ना." सुलेखा तिथेच विरघळली. रात्री भांडी आवरताना पद्माकरला म्हणाली, "अहो, या पोरीला आपल्यातून कुणीतरी चुकून तिकडे नेऊन ठेवलंय."

पण गोष्ट त्या मामाशी अडत होती. ओयुनची आई ती लहान असताना गेली. वाढवलं ते आईच्या भावानं, दोर्जमामांनी. मामा मेंढपाळ. गोल तंबूत राहायचं, वर्षातून चारदा तंबू मोडून गाडीवर घालायचा, कळप नेईल तिथे पुन्हा उभा करायचा. त्या माळावर कुंपण नाही, सातबारा नाही, शेजार म्हणाल तर घोड्यावरून अर्ध्या सकाळच्या अंतरावर. दोन हजार दहाच्या हिवाळ्यात बर्फ असा गोठला की खालचं गवत जनावरांना खुरांनी उकरून निघेना. मेंढ्या उभ्या उभ्या मेल्या. त्यांच्या भाषेत या असल्या हिवाळ्याला एक वेगळं नावच आहे, आणि ते नाव घेताना ओयुनचा आवाज बारीक व्हायचा. बहुतेक शेजारी शहराच्या कडेला वस्तीला गेले. मामा चार घोडे घेऊन माळावरच राहिले, आणि भाचीला मात्र त्यांनी शिकायला सिंगापूरला पाठवलं.

"मामा हो म्हणाला तर लग्न," ओयुननं अनीशला सांगून टाकलं होतं. "नाही म्हणाला तर मी त्याचं मन मोडून येणार नाही. तू कितीही आवडत असलास तरी."

आणि मामा येणार होते. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, मुलाचं घर बघायला, रविवारी संध्याकाळी परत.

सुलेखा तयारीला लागली. मटण, वड्या, नवे पडदे हे सगळं आलंच, पण खरी तयारी वेगळी होती. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिचे अप्पा ठाण्याहून दादरला टिपणिसांच्या घरी खेपा घालत होते. हातात नारळ, काखेत छत्री. सासूबाई आरामखुर्चीत पेपर वाचत बसायच्या आणि अप्पा दाराजवळ उभे. बसा म्हणून कुणी म्हणायचं नाही. घरी येऊन अप्पा म्हणायचे, "बोलतील, बोलतील, मोठी माणसं आहेत." सुलेखानं तेव्हाच ठरवलं होतं की आपण वरमाई होऊ तेव्हा मुलीकडच्यांना असं ताटकळत ठेवायचं नाही. त्यांनी विषय काढला की लगेच म्हणायचं, "आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ." हे वाक्य तिनं इंग्रजीत बसवून आरशासमोर घोटलं होतं. आता फक्त मुलीकडच्यांनी विषय काढायचा होता.

मामा आले. काळी हॅट, गुडघ्याखाली जाणारा निळा अंगरखा, कमरेला पिवळा पट्टा, आणि बाहेर सिंगापूरचा उकाडा! पण कपाळावर घामाचा थेंब नाही. हॅट काढून त्यांनी ती सगळ्यांत उंच कपाटावर ठेवली, अगदी आपण देवाची वस्तू ठेवतो तशी. मग कमरेच्या पिशवीतून दगडाची छोटीशी कुपी काढून उजव्या हातानं पद्माकरपुढे धरली. आत तपकीर. पद्माकरनं हुंगली आणि इतक्या जोरात शिंकला की मामा पहिल्यांदा हसले. सुरुवात तर फर्मास झाली.

मग मामांनी फडक्यातून एक वाडगा बाहेर काढला. लाकडाचा, आतून चांदीनं मढवलेला, आणि त्यात वाळवलेल्या दह्याच्या पांढऱ्या वड्या. दोन्ही हातांवर घेऊन त्यांनी तो सुलेखापुढे धरला. "माझ्या आईचा वाडगा," ओयुन हळूच म्हणाली.

आता आपल्याकडचं कुणीही बाईमाणूस काय म्हणेल? तेच सुलेखा म्हणाली. "अय्या, कशाला एवढं! नको, नको, तुम्ही आलात हेच खूप झालं!" आणि हातानं वाडगा हलकेच मागे सारला. आता ते पुन्हा पुढे करतील, आपण पुन्हा नको म्हणू, मग ते "असं कसं, घ्यायलाच हवं" म्हणतील आणि आपण घेऊ. ठरलेला रिवाज! पण मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, वाडगा फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवून दिला. ओयुनचा चेहरा उतरला. सुलेखाला वाटलं, काय हा माणूस, आग्रह करायची पद्धतच नाही वाटतं यांच्याकडे.

जेवण झालं. मामांनी हाडं साफ केली. पान झालं, बडीशेप झाली. सुलेखा वाक्य ओठांवर घेऊन बसली होती. मामा बसले होते. पद्माकर घड्याळाकडे बघत होता. मामांनी मुलाच्या नोकरीबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं, आणि उठले. लग्नाचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवर जेवण झालं. तेच. "काय माणूस आहे हो," सुलेखा घरी येऊन तणतणली. "मुलीचा मामा ना हा? मग बोला की! मी काय वाघ आहे?"

"तू बोल मग," पद्माकर म्हणाला.

"मी? मुलाकडची बाई मी! आपण कसा विषय काढायचा? वेड लागलंय तुम्हाला!"

शनिवारी सगळे पुलाउ उबीनला गेले. मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. बमबोटीत, म्हणजे तिथल्या छोट्या मोटरहोडीत, ते मधोमध बसले, एका हातानं हॅट आणि दुसऱ्या हातानं पद्माकरचं मनगट धरून. दोन्ही तितक्याच घट्ट. होडी मध्यावर आल्यावर त्यांनी वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि चाखलं. मग ओयुनला काहीतरी म्हणाले.

"म्हणतो, आपल्या चहासारखं आहे," ओयुन म्हणाली. "आम्ही चहात मीठ घालतो, आंटी." सगळे हसले, पण ती हसली नाही.

बेटावर पद्माकर आणि मामा पुढे चालत होते, अनीश सायकली आणायला गेला होता. सुलेखानं ओयुनचा हात धरला. "काय झालंय गं? सांग मला."

आणि मग ती पोर रडायलाच लागली. मामा म्हणत होते, चल परत. या घरानं तुला मागितलं नाही. दोनदा आम्ही एकत्र जेवलो आणि मुलाच्या आईबापांनी तोंड उघडलं नाही. तुझ्या आईचा वाडगा दिला तो त्यांनी ढकलला. माझी बहीण मरताना माझ्या हातात पोर देऊन गेली, ती काय न मागणाऱ्याच्या दारात नेऊन टाकायला?

सुलेखा मटकन एका ओंडक्यावर बसली. "अगं पण... तुम्ही मुलीकडचे ना? तुम्ही बोलायचं!"

"नाही आंटी. आमच्याकडे मुलाकडचे येतात. मुलीच्या घरी. निळं रेशमी वस्त्र दोन हातांवर घेऊन, आणि मागतात."

"आणि वाडगा? अगं मी खरंच नको म्हटलं का! ते तर आपलं उगाच, मोठ्या मनानं..."

ओयुननं डोळे पुसले. "आमच्या माळावर थंडीत कुणी तंबूच्या दारात आलं ना आंटी, तर आधी चहा, मग नाव. कोण, कुठला, नंतर. आणि पुढे केलेला वाडगा कुणी मागे सारत नाही. एक घोट तरी घेतातच. जो सारतो त्याला त्या घराशी काही ठेवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

सुलेखा गप्प बसली. या बाईला गप्प बसलेलं अनीशनं तोवर पाहिलं नव्हतं. सायकली घेऊन आलेला तो घाबरलाच. "आई, यू ओके ना?"

तिला बरं नव्हतंच. आपण मोठ्या उदारपणे "आम्हाला काही नको" हे वाक्य पाठ करून बसलो, आणि समोरचा माणूस वाट बघत होता ती कुणी "आम्हाला हवी" म्हणण्याची. आणि परत उद्या संध्याकाळी त्याचं विमान. परतीच्या होडीत ती मामांच्या समोर बसली, आणि होडी चांगी पॉइंटला लागायच्या आत तिनं ओयुनला सांगून टाकलं, "मामांना म्हणावं, उद्या सकाळी घरीच थांबा. टिपणीस मागायला येतायत."

"आपण?" पद्माकर बसमध्ये म्हणाला. "मुलाकडचे असून हात पसरायचे? आई असती तर..."

"तुमच्या आई असत्या तर पेपर वाचत बसल्या असत्या!" सुलेखा कडाडली. पुढच्या बाकावरचे दोघं दचकून मागे वळले. पद्माकर खिडकीबाहेर बघायला लागला.

रविवारी सकाळी एमआरटीच्या मेट्रोत लोक वळून वळून बघत होते. बघू देत! सुलेखा पैठणीत, नथीसकट. पद्माकर सूटमध्ये. अनीश कुडत्यात, "आई, सो हॉट ला" म्हणत. त्याच्या हातात दुधाचा डबा, कारण ओयुन म्हणाली होती की पांढरं काहीतरी आणतात. आणि सुलेखाच्या पिशवीत तिच्या लग्नातला आकाशी शेला, तो तिच्या स्वतःच्या मामांनी घेतलेला. इतक्या वर्षांत तो तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

ओयुन बुकित तिमाहला तबेल्याला लागूनच एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. उंबरठ्यावर पाय न देता सुलेखा आत आली आणि सवयीनं दाराजवळच उभी राहिली. मागायला आलेला माणूस दाराजवळ उभा राहतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. पण मामा उठले. त्यांनी तिचा दंड धरून तिला खोलीच्या पार आतल्या बाजूला, दाराच्या समोर नेलं आणि जाड गादीवर बसवलं.

"ती मानाची जागा आहे," ओयुन म्हणाली. "मागायला येणाऱ्याची."

सुलेखानं पदर सावरला आणि पिशवीतून शेला काढला. कामाला आलो होतो. दोन हातांवर शेला घेऊन ती म्हणाली, "दोर्जमामा, आमच्या अनीशसाठी तुमची ओयुन मागायला आलोय."

ओयुननं खाली मान घालून भाषांतर केलं. मामांनी शेल्याकडे पाहिलंही नाही. ते बोलले आणि ओयुनचा रंग उडाला. "म्हणतो, नाही. मुलगी लहान आहे."

लहान! सव्वीस वर्षांची घोडी! पण सुलेखानं स्वतःला आवरलं आणि पुन्हा मागितलं. माझ्या घरी मी तिला लेकीसारखी ठेवीन, नोकरी सुटणार नाही, घोडे सुटणार नाहीत.

मामांनी मान हलवली. "म्हणतो, नाही," ओयुनला आता नीट बोलता येईना. तिच्या मैत्रिणींची लग्नं शहरातल्या नोंदणी कचेरीत झालेली. असलं मागणं तिनं नुसतं ऐकलं होतं, कधी बघितलेलं नव्हतं. "म्हणतो, फार दूर पडेल. तुम्ही उकाड्यातली माणसं, आम्ही थंडीतली."

पद्माकर उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "चल सुलेखा. झालं तेवढं पुरे. अनीश, ऊठ."

"बसा हो!" सुलेखा म्हणाली. ती मामांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती. मामा नाही म्हणाले होते, पण बसल्या जागेवरून हलले नव्हते. शेगडीवर चहा ठेवलेला होता आणि त्याखालची आच त्यांनी बारीक केली होती, बंद केली नव्हती. असलं 'नाही' ती ओळखत होती की! तीस वर्षं पंगती वाढणाऱ्या बाईला ते ओळखता येणार नाही तर कुणाला? "बसा. हा आपल्यातला नको आहे."

पद्माकर बसला. पण सुलेखा मनात मोजत होती. दोन झाले होते. आणि तिच्या स्वतःच्या हिशेबानं तिसरा खरा असायचा. तिसरा आला तर ही पोर संध्याकाळी विमानात बसेल, आणि अनीश आयुष्यभर कुणाला काही म्हणणार नाही, नुसता सायकल चालवत राहील. तो भिंतीला टेकून बसला होता, दुधाचा डबा पोटाशी धरून, लहानपणी आजारी असला की उशी धरून बसायचा तसा.

तिनं घोटलेलं इंग्रजी सगळं विसरून टाकलं. "ओयुन, मी मराठीत बोलते. अनीश तुला इंग्रजीत सांगेल, तू मामांना सांग. मामा, त्या दिवशी मी वाडगा सारला. चुकले. आमच्याकडे पहिला नको कुणी धरत नाही हो. आपण नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, असं चालतं. मला वाडगा हवा होता. मला तुमची मुलगीसुद्धा हवीय. मी घरी वाक्य पाठ केलं होतं, आम्हाला काही नको म्हणून. ते खोटं. आम्हाला हवी आहे. फार हवी आहे. आज नाही म्हणालात तर मी पुढच्या वर्षी तुमच्या माळावर येऊन मागीन. तंबू कुठे हललाय ते विचारत विचारत येईन."

अनीशनं सांगितलं. त्याचा आवाज मधेच फाटला. ओयुननं सांगितलं. बाहेर तबेल्याच्या बाजूला एक घोडा फुरफुरला तसं मामांनी त्या दिशेला पाहिलं, आणि मग इतके मोठ्यानं हसले की पद्माकर दचकला.

"म्हणतो," ओयुन हसत रडत म्हणाली, "आमच्याकडे चहाला नको नसतं. पण मुलीला पहिला होकारही नसतो. ज्याला खरंच हवी असते तो पुन्हा विचारतो, एवढंच त्याला बघायचं होतं."

मामांनी दोन्ही हात पुढे केले आणि आकाशी शेला घेतला. डोक्याला लावला. मग पिशवीतून फडकं काढलं, वाडगा बाहेर काढला, अनीशच्या डब्यातलं दूध चहात ओतून उकळलं आणि वाडगा काठोकाठ भरून सुलेखापुढे धरला.

सुलेखानं तो दोन्ही हातांनी घेतला. कशाला, एवढं, नको यातलं काही एक न बोलता प्यायला लागली. खारट, गरम, दुधाची साय वर. आणि पिता पिता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेचना.

मामा घाबरले. "मीठ जास्त झालं का म्हणतो," ओयुन म्हणाली.

"नाही गं, मीठ बरोबर आहे." सुलेखानं पदरानं नाक पुसलं. "माझे अप्पा आठवले. तेही असेच मागायला जायचे. त्यांना कुणी बसवलं नाही. दाराशीच उभे असायचे, नारळ घेऊन."

पद्माकरची मान खाली गेली. ओयुननं मामांना सांगितलं. त्यांनी लाकडी पळी घेतली, ताज्या चहात बुडवली आणि खिडकीशी जाऊन चहाचे थेंब वर आभाळाकडे उडवले. त्यांच्याकडे गेलेल्या माणसांना चहा असा देतात. मग ते परत आले, आणि चहाचं भांडं उचलून सुलेखाकडे वळले.

त्यांनी विचारायच्या आधीच तिनं वाडगा पुढे केला.